खाला आणि बारवेचं पाणी

निजामाच्या राजवटीत मी देवगाव रंगारीच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टरसाहेब हैदराबादचे, उर्दू बोलणारे. औषधं फुकट मिळत, तरी नारूचा रोगी आमची पायरी क्वचितच चढे. पायातून दोऱ्यासारखा लांब किडा निघायचा, माणूस महिना महिना बाजेवर पडून राहायचा, आणि इलाजाला जायचा रंगाऱ्याच्या घरच्या एका म्हाताऱ्या बाईकडं. तिला सगळं गाव खाला, म्हणजे मावशी, म्हणे.

एकदा एक शेतकरी टरारून सुजलेला पाय घेऊन आला. किडा आतच तुटला होता. डॉक्टरसाहेबांना वाटलं, हे खालाचंच काम. चपराशी पाठवून तिला बोलावून घ्या, म्हणाले. मी भीत भीत सांगितलं, की ती येईल, पण मग गाव दवाखान्याकडं फिरकायचं नाही. ते टोपी घालून स्वतःच निघाले.

खाला अंगणात एका बाईचा नारू काढत होती. काडीला गुंडाळायचा, रोज बोटभर, जोर न लावता. त्या शेतकऱ्यानं घाईघाईत आपल्याच हातानं किडा ओढला होता, हे तिच्याकडून कळलं. डॉक्टरसाहेब बाजेवर बसून बघत राहिले. परतताना मला म्हणाले, बाईचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

मग ते वरचेवर तिच्याकडं जाऊ लागले. नारू बारवेच्या पाण्यातून होतो, हे मी गावाला सांगून थकलो होतो. खालालाही ते पटेना. शेवटी डॉक्टरसाहेबांनी बारवेचं पाणी कोऱ्या फडक्यातून गाळलं, फडकं पांढऱ्या बशीत थोड्या पाण्यात खंगाळलं आणि भिंग तिच्या हाती दिलं. बशीत पांढरे ठिपके तुरुतुरु पळत होते. खाला बराच वेळ वाकून बघत होती.

"हे पितो व्हय आपण?" ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बशी आणि भिंग घेऊन ती बारवेच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. येईल त्या बाईला दाखवलं. घरातल्या कोऱ्या कापडाचे तुकडे वाटले. रंगवलेलं नको, पाण्यात रंग उतरतो, असंही बजावलं. ज्याला नारू झालाय त्यानं बारवेत उतरायचं नाही, पायातला किडा पाण्यात पिल्लं सोडतो, त्याचं पाणी दुसऱ्यानं भरून द्यायचं, हेही तिनंच गावाच्या गळी उतरवलं.

मी तिला एकदा विचारलं, की नारूच गेला तर तुझ्याकडं कोण येईल?

"नाय आलं कुणी तर लई बरं," ती म्हणाली. "मला रंगाचं काम काय कमी हाय?"

तो उन्हाळा तसाच गेला. पाण्यातून पोटात गेलेला किडा वर्षानं बाहेर येतो. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मात्र नारूचे रोगी अगदी मोजके निघाले. तोवर खाला दर बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या ओसरीवर बसू लागली होती. तिच्यामागून बायाही आल्या, पोरांचे ताप, आलेले डोळे, खरूज घेऊन. जे परपुरुषाला सांगायला लाजत, ते खालाच्या कानात सांगत, आणि ती दख्खनी उर्दूत डॉक्टरसाहेबांना. पुड्या बांधता बांधता माझी दुपारची भाकरी राहून जाई. नोकरीतले माझे सगळ्यात सुखाचे दिवस तेच.