शिशाचं सील

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. देवळात गाऱ्हाणं घातलं तेव्हाही नाही — तिथे तर जीभच रेटली नाही. तुमची माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल.

ऐंशीच्या दशकात मालवणात माझं गॅरेज होतं. भिकू माझा शाळेपासूनचा दोस्त. एका मासळीच्या व्यापाऱ्याचा डिझेल टेम्पो चालवायचा — बर्फ आणि सुरमई भरून फोंडा घाटातून कोल्हापूरला. गाडी नवी, गॅरंटीतली. पण भरलेली असली की घाटात रांगायची. मागच्या गाड्या पुढे निघून जायच्या आणि भिकू परत आला की तोंड पाडून तेच सांगायचा.

मला कुणी काही करायला सांगितलं होतं का? नाही. माझेच हात शिवशिवत होते.

डिझेल पंपावर एक स्क्रू असतो. इंजिनात डिझेल किती जावं ते तो ठरवतो. त्यावर कंपनी तार ओवून शिशाचं सील मारते — म्हणजे हात लावू नका. मी सील तोडलं. स्क्रू पाऊण आटा फिरवला. मग रापणीच्या जाळ्याला लावतात ती शिशाची गोळी घेतली, नवी तार ओवली, पकडीने चेपली, वर ग्रीस फासलं. दोन हातांवरूनही कळलं नसतं. भिकूला पंपाचं नाव न काढता एवढंच सांगितलं की ट्यूनिंग केलंय.

टेम्पो पळायला लागला. कसला पळायचा! भिकू बाजारात सांगत सुटला, माझ्या दोस्ताक हातगुण आसा. आणि मी? मी मान डोलवत ऐकायचो. मला ते फार आवडायचं.

महिन्याभराने तो म्हणाला, “धूर काळो येता रे.”

मला ठाऊक होतं का धूर कशाचा? ठाऊक होतं. जास्तीचं डिझेल जळत होतं, इंजिन आतून तापत होतं. स्क्रू मागे घ्यायला पाच मिनिटं पुरली असती. पण मग गाडी पुन्हा रांगली असती — आणि माझा हातगुण? मी म्हटलं, “घाटात धूर येतलोच.”

पंधरा दिवसांत घाटाच्या मध्यावर इंजिन बसलं. पिस्टनला भोक. सगळी मासळी कुजली. टेम्पो ओढून माझ्याच गॅरेजात आणला, आणि कंपनीचा माणूस तिथे आला. पंप पुसला, सील बघितलं आणि मला विचारलं, “पंपाला कुणी हात लावला होता?”

भिकू शेजारी उभा होता. व्यापारीही.

मी म्हटलं, “नाही.”

एवढंच. एक शब्द. सील शाबूत, म्हणजे पंप ठीक. म्हणजे ड्रायव्हरने रेडिएटरचं पाणी न बघता गाडी दामटली — त्या माणसाने तसंच लिहिलं, गॅरंटी नाकारली आणि गेला. भिकूची नोकरी तिथेच गेली. मालवणात पुन्हा कुणी त्याच्या हातात गाडी दिली नाही. पुढे बंदरावर माशांच्या टोपल्या उचलताना मी त्याला रोज बघायचो, आणि मरेपर्यंत तो तेच करत होता.

पण सांगायचं आहे ते हेही नाही. ते असं —

आठ दिवसांनी तो गॅरेजात आला. विचार करकरून त्याचा स्वतःच्याच आठवणीवरचा विश्वास उडाला होता. म्हणाला, “माका वाटता, त्या दिवशी मी पाणी बघूकच नाय. तुझ्या मेहनतीची माती केलंय रे.”

त्या दिवशी निघताना त्याने माझ्यासमोर रेडिएटरमध्ये पाणी ओतलं होतं. बादली मीच दिली होती.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, “होता रे असा कधीकधी. माझ्या मनात काय नाय.”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला माफ केलं होतं.