मोटरबंडीचा दांडा

माझ्या बाबांनी बनवलेल्या गाडीवरून पडून एक बाई मेली होती.

आज सकाळी बाबा गेले. तरी हेच आधी लिहितो. त्यांनीही हेच आधी सांगितलं असतं.

तुमसरला आमचा टिनाच्या शेडमधला कारखाना होता. बाबांनी पंपाच्या जुन्या इंजिनावर पहिली तीनचाकी जुळवली, धानाच्या बांधीतून पोती काढायला. सिहोऱ्यापासून आंबागडपर्यंत लोक तिला मोटरबंडी म्हणायचे. पुढे इतक्या ऑर्डर आल्या की शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसायची.

पण रोवणी, म्हणजे धानाची लावणी आली की लोक तिच्यात बाया भरून न्यायचे.

आई म्हणायची, निदान धरायला एक दांडा तरी लावा. बाबा ऐकत नसत.

"दांडा लावला का लोकाइले वाटते, बायाइसाठीच बनवली. मंग अजून कोंबतीन. पोत्याची गाडी होय ते."

लॉजिक बरोबर होतं. तेच नडलं.

करडी गावच्या तलावाच्या पाळीवर बंडी कलली. कडेला बसलेल्या सुशीलाबाई खाली गेल्या. धरायला काही नव्हतंच. गाडी त्यांच्या नवऱ्याची, नामदेवकाकांची. चालवतही तेच होते.

बाबांना कोणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्यांनी एकही नवी गाडी बनवली नाही. वेल्डिंग मशीन घेऊन गावोगाव फिरले आणि विकलेल्या एकेका बंडीला फुकटात दांडा लावून आले. आई डोकं धरून बसायची. कारखाना त्यातच बुडाला.

एकच गाडी राहिली. करडीची.

दर रोवणीआधी बाबा जायचे. नामदेवकाका फाटकातूनच परत पाठवायचे. आम्हाला वाटायचं, राग आहे.

परवा बाबांना धड बोलताही येत नव्हतं. तरी मला विचारलं, "करडीले जाऊन आला का?"

आज घाटावरून परतलो, तर शेडसमोर ती मोटरबंडी उभी. बाजूला नामदेवकाका, पार वाकलेले.

म्हणाले, "तुह्या बापाले दांडा लावू देला असता, त दोष त्याच्यावर गेला असता. गाडी त मी चालवत होतो."



मग म्हणाले, "आता सून बसते याच्यात. लाव."

सुतकात आमच्यात कोणी हत्याराला हात लावत नाही. मी लावला.

फोन येऊन राहिले आहेत, उचलणं जमत नाहीये. माफ करा.

बाबा, करडीची गाडी झाली.

आता जा.