सातव्या डोळ्यातली अक्षत

मीरासाहेब १९६२ साली खेडहून पिंपरीला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर वडिलांची घड्याळं दुरुस्त करायची पेटी होती आणि कुठलंही यंत्र उघडायला न कचरणारे हात होते. खेडच्या बाजारपेठेत वडिलांचं छोटं दुकान होतं, पण तिघा थोरल्या भावांनीच ते भरून गेलं होतं. पिंपरीत नवा उभा राहिलेला एक इंजिनांचा कारखाना माणसं घेत होता. मीरासाहेब देखभाल खात्यात फिटर म्हणून लागले. बिल्ला क्रमांक २१७७. शिक्षण सातवीपर्यंत.

कारखान्यात सात-आठ वर्षं गेल्यावर कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी वेगळी थंडगार खोली बांधली गेली. चपला बाहेर काढायच्या, बोलायचं हळू. कामगारांची हजेरी, गोदामातले सुटे भाग, सगळं जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून त्या कॉम्प्युटरला द्यावं लागे. भोकं पाडणाऱ्या सहा बायकांच्या प्रमुख होत्या कुसुमताई. त्यांची बोटं इतकी जलद चालत, की पाहणाऱ्याला नुसता खडखडाटच ऐकू येई.

मीरासाहेब त्या खोलीत पहिल्यांदा गेले ते गार हवेचं यंत्र दुरुस्त करायला, आणि रेंगाळले ते कार्डं वाचणाऱ्या यंत्रापाशी. कार्ड आत सरकायचं, वरून उजेड पडायचा, भोकातून तो खालच्या काचेच्या डोळ्यांवर यायचा. शून्यापासून नवापर्यंत दहा आकड्यांचे दहा डोळे, शिवाय अक्षरांसाठी वरचे दोन. ज्या डोळ्याला उजेड दिसेल तो आकडा.

"एवढंच हाय व्हय?" मीरासाहेब म्हणाले.

"एवढंच म्हणे!" कुसुमताई हसल्या. "याच्यासाठी मुंबईहून टाय लावून इंजिनिअर येतो, मीरासाहेब."

"येऊ द्या की. श्रावणात कार्डं फुगली की त्यो बी मुंडी हलवतोच ना?"

ते खरंच होतं. ओल्या हवेत कार्डं फुगत आणि यंत्राच्या घशात अडकत. पुढे १९७८च्या सुमारास यंत्र पुरवणाऱ्या परदेशी कंपनीने इथला कारभार आवरला. टायवाला इंजिनिअर यायचा थांबला, सुटे भागही थांबले. यंत्र रोज आजारी पडू लागलं. कॉम्प्युटर खात्याचे साहेब अर्जुनराव मीरासाहेबांना शोधत वर्कशॉपात आले.

"मीरासाहेब, नवं करता येईल का?"

"जुनं उघडून बघू द्या, साहेब. मग बोलतो."

आठ महिन्यांत मीरासाहेबांनी यंत्र उभं केलं. डोळे पुण्यात विजेचे सुटे भाग मिळणाऱ्या तपकीर गल्लीतून आणले, रबरी रूळ स्वतः लेथवर कातले, दिवा स्कूटरचा. घसा असा केला, की फुगलेलं कार्ड आलं तर तो आपोआप सैल व्हावा. यंत्र परदेशी यंत्राच्या निम्म्या वेगाने चाले, पण अडकत नसे. बायको सलिमा विचारी, "तुमच्या त्या यंत्राला घरी आणून जेवायला तरी वाढा एकदा. तुमच्यापेक्षा त्याचीच आठवण जास्त निघते."

त्याच सुमारास दिल्लीच्या एका खात्याची जाहिरात आली. संगणकाची यंत्रं देशातच बनवण्याच्या संशोधनाला अनुदान मिळणार होतं. अर्जुनरावांनी अर्ज भरला. 'संशोधनाची दिशा' या रकान्यात त्यांनी लिहिलं, वेग दुप्पट करणे. 'प्रमुख संशोधक' या रकान्यात पदवी विचारली होती, म्हणून तिथे स्वतःचं नाव घातलं. मीरासाहेबांना वाईट वाटलं नाही. त्यांना यंत्र पुढे न्यायचं होतं. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी मात्र स्पष्ट सांगून ठेवलं होतं, अनुदान मिळालं तर काम चालू. नाही तर यंत्र भंगारात आणि मीरासाहेब पुन्हा वर्कशॉपात.

समिती येणार होती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

खंडेनवमीला कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राची पूजा होई. लेथ, प्रेस, क्रेन, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. त्या वर्षी कुसुमताई ताट घेऊन कार्डयंत्रापाशी आल्या.

"हे आपल्या घरचं यंत्र. याची पूजा मी करणार."

"करा ताई, सढळ हातानं करा," मीरासाहेबांनी नारळ पुढे केला.

अर्जुनराव अस्वस्थ होते. "पूजा झाली की एकदा चालवून बघू. परवा समिती आहे."

"न्हाई साहेब. पूजेला बसलेलं यंत्र दसरा होईस्तोवर चालवत न्हाईत. एवढी वर्सं पाळलंय, आता मोडायचं? काळजी करू नका. त्याला मी वळखतो."

यंत्रावर स्वच्छ धोतराचं फडकं पडलं आणि खोलीला कुलूप लागलं.

समिती आली तिघांची. प्रमुख होते मिरजेचे एक वयस्कर प्राध्यापक, बोलायला तुटक, बघायला बारीक. अर्जुनरावांनी फडकं काढलं आणि हजेरीची दोनशे कार्डं यंत्राला दिली. रूळ फिरले, कार्डं झरझर गेली, एकही अडकलं नाही. शेजारचं छपाईचं यंत्र बिल्ल्यांची यादी टंकू लागलं. प्राध्यापकांनी कागद फाडून घेतला आणि चष्मा वर केला.

"हा कोण कामगार? नुसतं एकवीस, पुढे कोरं?"

मीरासाहेबांनी वाकून पाहिलं. तो त्यांचाच बिल्ला होता. २१७७ मधले दोन्ही सात गायब होते. यादीत आणखीही कोऱ्या जागा होत्या.

समितीतले एक गृहस्थ घड्याळाकडे बघत म्हणाले, "वेग दुप्पट करायला निघालात आणि आकडेच गळताहेत."

"अचूकपणा आधी तपासायला हवा होता, साहेब, आम्ही..." अर्जुनराव चाचरले.

मीरासाहेबांनी यादीवरून बोट फिरवलं. "फक्त सात गळालेत. सातवा डोळा मिटलाय. ताई, शून्यापासून नवापर्यंत सगळी भोकं असलेलं एक कार्ड पाडून द्या."

कुसुमताईंनी क्षणात कार्ड पाडलं. यंत्राने ते वाचलं आणि सहानंतर एकदम आठ छापला. मीरासाहेबांनी पेटीतला वडिलांचा बारीक चिमटा काढला, चार स्क्रू सोडले, आत पाहिलं आणि हसू दाबत चिमटा बाहेर काढला. टोकावर कुंकवात भिजलेला तांदळाचा दाणा होता. अक्षत. वरची फट उघडी होती आणि दाणा नेमका सातव्या डोळ्यावर जाऊन चिकटला होता.

कुसुमताईंनी पदर तोंडाला लावला. "अगं बाई! माझ्याच हातून."

"तुमचं काय चुकलं न्हाई, ताई. फट मी उघडी ठेवली. आणि चालवून बघू नका, असंबी मीच म्हणलो." मीरासाहेब प्राध्यापकांकडे वळले. "साहेब, हितं दरसाल खंडेनवमी येणार. कुंकू पडंल, लोखंडाचा चुरा उडंल, चाकणच्या रस्त्याची धूळ ईल. आमी किती बी थंड खोल्या बांधल्या तरी कारखाना आत शिरतोच. यंत्र पळवण्यापेक्षा हितं टिकवायला शिकवू द्या मला. येक तर आत्ताच सापडलं. रोज आधी हे सगळ्या भोकांचं कार्ड द्यायचं. एखादा डोळा मिटला असंल तर यंत्रानं सोताहून थांबायचं."

"चूक लपवण्यापेक्षा थांबायचं," प्राध्यापक म्हणाले. "हे कुणाच्या अर्जात आहे?"

"कुणाच्याच न्हाई, साहेब. आत्ता सुचलं."

मीरासाहेबांनी यंत्राचा डोळा पुसला आणि दोनशे कार्डं पुन्हा चालवली. या वेळी यादीत २१७७ होता. प्राध्यापकांनी अर्ज मागून घेतला, दिशेच्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि पेन अर्जुनरावांच्या हातात दिलं. "इथे पुन्हा लिहा. यांनी सांगितलं तसं. आणि वरचं नावसुद्धा बघा."

"पण पदवी..." अर्जुनराव म्हणाले.

"पदवीचं उत्तर दिल्लीला मी देईन. दाणा तुम्ही काढलात का?"

अर्जुनराव दिलदार गृहस्थ होते. त्यांनी स्वतःचं नाव खोडून सुवाच्य अक्षरात मीरासाहेबांचं नाव लिहिलं.

मंजुरीचं पत्र दीड महिन्याने आलं. विषय होता, कारखान्याच्या हवेत चालणारं कार्डवाचक यंत्र. मुदत दोन वर्षांची. सलिमाने पत्र दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "आता त्याला खरंच जेवायला आणा." मीरासाहेबांनी यंत्राच्या डोळ्यांवर तिरपी काच बसवली, प्रत्येक कार्डाबरोबर तिच्यावरून फिरणारा मऊ ब्रश लावला, आणि डोळा मिटला की पेटणारा लाल दिवा. यंत्र थंड खोलीतून काढून थेट गोदामाच्या दारात, धुळीत मांडलं.

पुढची खंडेनवमी आली. कुसुमताई ताट घेऊन आल्या, पण चिमूटभर अक्षता घेऊन लांबूनच उभ्या राहिल्या.

"हात का आखडता, ताई? मूठ भरून टाका. मला परवा दिल्लीला कळवायचंय."

त्यांनी मूठ भरून टाकली. यंत्राला प्रथेप्रमाणे दसरा होईपर्यंत कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, न झाडता, न पुसता, मीरासाहेबांनी सगळ्या भोकांचं कार्ड आत सोडलं. ब्रश फिरला, लालभडक दाणे खालच्या पत्र्यावर टपटपले. दिवा पेटला नाही. मग कुसुमताईंनी स्वतः पाडलेलं पहिलं कार्ड दिलं आणि कागदावर आकडे उमटले, दोन, एक, सात, सात.

मीरासाहेबांनी तो कागद घडी करून पाकिटात घातला आणि पाकिटावर दिल्लीचा पत्ता लिहायला बसले.