झाकण लावण्याआधी

आमचे शेजारी सायमनकाका रविवारी गेले. दफनविधी सोमवारी दुपारी चारला होता. साडेचार वाजले तरी पेटीचं झाकण चर्चच्या भिंतीला टेकून उभं होतं. धाकटी मुलगी रूथ कोल्हापूरहून निघाली होती आणि तिची बस घाटात अडकली होती. झाकण बसलं की तिला वडिलांचा चेहरा दिसणार नव्हता.

सुतार चार स्क्रू मुठीत धरून दाराशी बसला होता.

“पाळकसाहेब, ऊन उतरतंय,” काकांचे थोरले भाऊ म्हणाले.

“अजून एक गीत म्हणू,” पाळक म्हणाले. मग त्यांनी आणखी दोन गीतं घेतली, तीही सगळ्या कडव्यांसह.

काकू पेटीजवळ बसल्या होत्या. “‘सगळे आले ना?’ असं विचारल्याशिवाय ह्यांनी कधी जेवणाआधीची प्रार्थना केली नाही,” त्या म्हणाल्या. “वरण गार व्हायचं.”

“मी चिडायचो,” भाऊ म्हणाले. “आज बघ, स्वतःच ताटकळलाय.”

काकू हसल्या. पाळकांनी उपदेशात पुन्हा भेटण्याची आशा सांगितली होती, तेव्हा ती मला फार दूरची वाटली होती. आता एका माणसाची जेवणावेळची सवय सगळं चर्च पाळत होतं आणि ती आशा जरा जवळ आली होती.

पाच वाजून दहा मिनिटांनी रूथ आली. तिने वडिलांच्या कपाळावर हात ठेवला.

“सगळे आले,” काकू म्हणाल्या.

साडेपाचला सुताराने चारही स्क्रू बसवले.