थंडीत विकलेला पंखा

मंडळी, दुपारी पनवेलला सिनेमा बघून आलो. राहवेना, म्हणून लिहायला बसलो.

माझा थोरला मुलगा न्हावा शेवा बंदरात कंटेनरचा ट्रक चालवायचा. ट्रकच्या रांगेत रात्रभर जागं राहायला गोळ्या घेता घेता नशेला लागला. मोठ्या कष्टाने सुटला. आज मला हट्टाने घेऊन गेला, तो नेमका नशेबाजावरचा विनोदी सिनेमा! मला धास्ती, बघून याची तलफ परत जागी झाली तर?

पडद्यावर त्या नशेबाजाने झोपलेल्या बापाच्या डोक्यावरचा पंखा काढून विकला. सगळे हसले. मला घाम फुटला, कारण आमच्या घरीही तेच झालं होतं. पोराकडे बघायची हिंमत होईना.

तोच मोठ्याने म्हणाला, "बाबा, त्याच्यापेक्षा मी बरा! मी तुमचा पंखा थंडीत इकला!"

पुढच्या रांगेतल्या एक बाई वळल्या. "खरंच विकलास?"

"खरंच मावशी. पन आता सुटलोय त्यातून."

मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. घरात त्या पंख्याचं नाव कुणी काढत नव्हतं. पोराने भर थिएटरात काढलं, मान ताठ ठेवून. जिंकला माझा पोरगा!

तुमच्या घरात असं दडवलेलं काही असेल, तर त्यावर पहिलं हसलं कोण?