बुढ्यानं मोटारीचे दात पाह्यले

यातलं एक अक्षर खरं मानून दाखव बरं, पोरी! मीच सांगून राह्यली अन् मलेच पटत नाही. आमच्या घरच्या गोष्टी म्हंजे वावटयीतला कचरा. झाडला का दाराशी पुन्हा ढीग!

तवा कापूस दरसाल दगा देऊन राह्यला होता. चाराही नव्हता. पोरानं भाड्याचा ट्रॅक्टर लावला अन् बैलजोडी बाजारात गेली. आमचा बुढा रोज सकाऊन रिकाम्या कोठ्यात जाऊन बसे. म्या म्हनलं, "आवो, तिथं काय करता?" तं म्हने, "कोठा भन्न लागते."

तेवढ्यात खबर आली. अकोल्याच्या जुन्या शहरात एका वकिलाच्या बापाची मोटार इकाची हाय. देश आझाद झाला तवाची! इंजिन बंद, पत्रा सडका. बुढा म्हने, बैलाच्या पैशात मोटार घेऊ, कोठा भरन. घ्याची का नाही घ्याची, कोनालेच समजेना.

* * *

पाहाले गेलो. बुढ्यानं मोटारीभोवती चक्कर मारली, पाठीवर थाप मारली, बोनेट उघडून आत पाह्यलं. "दात चांगले हायेत." टायरले पायानं टोचलं. "खूर गेले." मंग वकिलाले म्हने, "चालून दाखवा."

"काका, ती चालत नाही!"

"मंग बसती हाय म्हना ना! बसतं जनावर अर्ध्या भावात जाते!"

* * *

रहीम मिस्त्रीले सल्ल्याले नेलं होतं. तो मोटारीखाली घुसला, बाहेर आला. "चाचा, ले लो. ऐसी बॉडी अब नहीं बनती."

पुन्हा घुसला, पुन्हा आला. "मत लो. नीचे बॉडीच नहीं है!"

तिसऱ्यांदा घुसला, तो आलाच नाही. म्या वाकून पाह्यलं तं डोये मिटून पडेल होता!

"चाची, अंदर ठंडा है."

* * *

मले खोडी सुचली. गुपचूप मांगच्या सीटवर जाऊन बसली. बुढ्यानं बोनेटात डोकं घातलं अन् म्या आतून हंबरली, "हम्माऽऽ!"

वाटलं, बुढा उडन. उडते कायचा! बोनेटावर हात फिरवत हयूच म्हने, "हो रे राजा, जाऊ घरी."

मंग मलेच कसंतरी झालं. उलीसा वेळ बाहेरच नाही आली.

* * *

सौदा झाला तो तं इचारूच नको! गुरांच्या बाजारात भाव तोंडानं नाही बोलत, दुपट्ट्याखाली बोटं दाबून बोलते. बुढ्यानं वकिलाचा हात धरला, वर दुपट्टा टाकला अन् बोटं दाबाले लागला. वकील भला मानूस, त्यानंही दाबली!

"झालं! सौदा पक्का!"

वकील माह्या कानात म्हने, "काकू, काका एवढे हळवे काहून झाले?"

भाव काय ठरला, त्याले आजवर माहीत नाही. बुढ्यानं देल्ले तेवढे त्यानं घेतले.

* * *

मोटार टेम्पोत टाकून घरी आनली, कोठ्यात ढकलली. बुढ्यानं बंपरले दावं बांधून खुंट्याले अटकवलं. मिस्त्री म्हने, "चाचा, ब्रेक लगा है." बुढा म्हने, "नवं हाय, सुटून परत जाईन."

सकाऊन पाह्यतो तं मोटारीच्या म्होरं कडब्याची पेंढी. अर्धी खाल्लेली!

सारे माह्याकडं पाहाले लागले. देवाशप्पथ सांगतो, पोरी, म्या नाही टाकली! अन् त्या कोठ्यात जनावर म्हनाव तं एक शेळी नाही.

बुढ्यानं पेंढी पाह्यली, दावं सोडलं.

"खाल्लं ना? मंग रमली."

काय पाह्यतं माह्या तोंडाकडं? जाय आता घरी!