केरबाच्या सीटपिलरवर नसलेली रेघ

गंगावेशीत केरबा मिस्त्रीचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्या दुकानापेक्षा त्याची घमेंड मोठी होती. पंक्चर काढायला आलेल्या माणसाच्या फ्रेमला टिचकी मारून तो म्हणायचा, "कागद हाय कागद! ह्यावर बसताय व्हय, पावणं?" कंपनीचा कुठलाच माल त्याला पटत नसे. १९९३-९४च्या सुमारास कोल्हापुरात जाड टायरच्या गिअरच्या सायकली दिसू लागल्या आणि त्याच्या नाक मुरडण्याला ऊत आला. खरा राग सीटपिलरवर, म्हणजे ज्या पाइपवर सीट बसवतात त्याच्यावर. वजनदार माणूस बसला की तो वाकायचा, नाहीतर त्याला आवळून धरणाऱ्या क्लॅम्पमधून घसरत खाली जायचा, आणि घरी पोचेपर्यंत गड्याचे गुडघे हनुवटीला लागायचे.

बाळासो हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा तोलणारा तोलाईदार, ताडमाड उंच आणि अंगानंही तसाच दणकट. आठवडाभर चिकट हातांनी काटा सांभाळायचा आणि रविवारी सकाळी सायकलवरून पन्हाळ्याला जायचं, एवढाच त्याला शौक होता. १९९६ साली त्याने जुनी गिअरची सायकल घेतली आणि तिसऱ्याच रविवारी तिचा पिलर वाकवून तो दुकानात हजर झाला.

"केरबा, असा पिलर कर की माझ्यासंगट म्हातारा झाला पायजे."

केरबाने ते फारच मनावर घेतलं. आठ दिवस दुकानाकडे लक्ष नव्हतं. उद्यमनगरातल्या भंगारातून त्याने जाड भिंतीचा पाइप शोधून काढला, ओळखीच्या लेथवर तो फ्रेमच्या मापाला बारीक करून घेतला. कंपनीचा वाकलेला पिलर समोर ठेवून हुबेहूब नक्कल केली, फक्त लांबी थोडी वाढवली. कंपनीच्या पिलरवर खालच्या बाजूला एक आडवी रेघ होती आणि तिच्याशेजारी बारीक इंग्रजी अक्षरं. केरबाने त्यावरून अंगठा फिरवला. कंपनीचं नाव असणार. आपल्या मालावर दुसऱ्याचं नाव कशाला? त्याने रेघ मारली नाही आणि पॉलिश पेपर घासघासून पिलर आरशासारखा केला. फ्रेमच्या क्लॅम्पला नटाच्या जागी हाताने फिरवायची कळ बसवली, म्हणजे पान्हा न लावता सीट खालीवर करता यावी.

बाळासो हरखून गेला. गल्लीतून जाताना सीट खाली, घाट लागला की वर. वर घेतली की पाय लांब सुटतो, चढ सोपा जातो. म्हणून तो एक बोट वर घ्यायचा, पुढच्या रविवारी आणखी एक बोट. पिलर कधी वाकला नाही, कधी घसरला नाही.

१९९९च्या मार्चमध्ये पन्हाळ्याचा उतार उतरताना पुढचं चाक खड्ड्यात गेलं. सीट खाली घ्यायची राहिली होती. पिलर जिथे फ्रेममध्ये घुसतो तिथेच फ्रेम फाटली आणि बाळासो रस्त्याकडेच्या दगडावर पाठीवर पडला. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच.

घरी आल्यावर त्याने बायकोला, अंबूबाईला, मोडक्या सायकलीतला पिलर आणायला लावला आणि उशाशी ठेवून घेतला. भेटायला येणाऱ्याच्या हातात तो द्यायचा. "बगा, केसभर तरी वाकलाय का? फ्रेम कंपनीची, म्हणून फाटली. पिलर माझ्या केरबाचा हाय!" एवढं सांगताना त्याचा चेहरा पूर्वीसारखा व्हायचा. एरवी तो छताकडे बघत पडलेला असे. केरबा रोज संध्याकाळी जायचा, हे ऐकायचा. रडू यायचं, आणि खोटं कशाला बोला, बरंही वाटायचं. बाळासोच्या सांगण्यावरून दहाबारा जणांनी तसले पिलर करून नेले.

२००३ साली कुणीतरी कंपनीचा नवा पिलर खोक्यासकट बसवायला आणला. खोक्यात एक चिठ्ठी होती, तिच्यावर दोन चित्रं. एकात पिलरवरची रेघ फ्रेमच्या आत गेलेली. दुसऱ्यात रेघ बाहेर, फ्रेमला तडा, आणि त्यावर भली मोठी फुली. तडा बरोबर त्याच जागी. केरबाला इंग्रजी वाचायची गरज पडली नाही. निदान चार बोटं पिलर आत राहिलाच पाहिजे, नाहीतर फ्रेम फाटेल, एवढं ती रेघ सांगत होती.

संध्याकाळी त्याने बाळासोच्या उशाचा पिलर हातात घेतला. फ्रेम फाटताना पडलेला खोल चरा खालून जेमतेम दीड बोटावर होता, म्हणजे तेवढाच पिलर आत होता. पिलर जागेवर ठेवून तो घरी आला. दुसऱ्या दिवसापासून ज्यांनी ज्यांनी पिलर नेले होते त्यांच्या दारात जाऊन कानशीने रेघा मारल्या. बाळासोला मात्र सांगवेना. तीन महिने असेच गेले.

मग एके दिवशी बाळासोच्या शेजारचे शिवानंद दुकानात आले. "बाळासोनं धाडलंय. आमच्या रक्षिताच्या सायकलीला तसलाच पिलर पायजे. वाढत्या अंगाची पोरगी हाय, लागंल तसा वर घेत जाईल." रेघ मारून दिली तरी बाळासो 'कितीबी वर घ्या' म्हणतच राहणार, आणि लोक त्याचंच ऐकणार.

त्याच संध्याकाळी त्याने खाटेजवळ बसून सगळं सांगितलं. अंबूबाईचा भाकरी थापणारा हात थांबला.

"म्हंजे फ्रेम चांगली हुती?" बाळासोने विचारलं.

"व्हय."

"आन् मी चुकलो?"

"तू न्हाईस. रेघ असती तर तू थांबला असतास. मी मारली न्हाय."

बाळासोने उशाचा पिलर हातात घेतला. केरबाला वाटलं, आता शिव्या देईल, पिलर फेकून मारेल. मारला असता तर त्याला हलकंच वाटलं असतं.

"चार वर्सं मी लोकांस्नी ह्येच सांगत आलो, केरबा," तो म्हणाला. "माझ्यापाशी दुसरं सांगण्यागत काय हाय?"

पिलर त्याने केरबाच्या मांडीवर ठेवला.

"खोटं बोलला असतास तर चाललं असतं की रं. त्या शिवानंदाला मारायची हुती कायबी थाप."

त्यानंतरही केरबा रोज जात राहिला. बाळासो त्याला गुळाचा दर विचारायचा, पावसाचं विचारायचा. २००६ साली तो गेला. तोवर कुणी नवा माणूस भेटायला आला आणि हे कसं झालं म्हणून विचारलं, तर तो "पडलो" एवढंच म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा.